गच्चीवर आरसे लावून वाफ मिळेल का? एका रुग्णालयाच्या गच्चीचा हिशोब

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. इमारत आणि तिच्या गरजा मी धरून चाललो आहे, पण त्यातला प्रत्येक प्रश्न गच्चीवर सौरऊर्जेचं काम करणाऱ्यांसमोर येतोच. भौतिकशास्त्र तर कुठल्याही गच्चीवर सारखंच.

परिस्थिती अशी. विषुववृत्तापासून २० अंशांवर चार मजली रुग्णालय, वर सपाट गच्ची. अंघोळीच्या पाण्यासाठी १०० चौरस मीटर सपाट सौरसंकलक आधीच बसवलेले आहेत आणि ते चोख चालतात. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, तिची सावली आणि चालायची वाट वगळून आणखी २४० चौरस मीटर जागा मोकळी आहे. खाली धुलाईघर आणि स्वयंपाकघर एका जुन्या बॉयलरच्या वाफेवर चालतात. इंधनाचा खर्च व्यवस्थापनाला खुपतो आहे. त्यांची सूचना साधी आहे: आहेत त्याच संकलकांभोवती आरसे उभे करा, दुप्पट ऊन पाडा, पाण्याऐवजी वाफ काढा.

सूचना ऐकायला बरोबर वाटते, म्हणूनच ती नीट तपासायला हवी.

आरसा नवीन ऊन तयार करत नाही. दुपारच्या स्वच्छ उन्हात सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, त्याहून फार जास्त नाही. गच्चीवर येणारी ऊर्जा गच्चीच्या क्षेत्रफळाने ठरते. एका संकलकावर दुप्पट ऊन पाडायचं तर ते शेजारच्या जागेवरचंच वळवून आणावं लागतं. मग केंद्रीकरणाने मिळतं काय? गरम पृष्ठभाग लहान होतो. उष्णता बाहेर जाते ती तापलेल्या पृष्ठभागावरून, आणि तो जितका लहान तितकी गळती कमी. केंद्रीकरणाचा सगळा फायदा या एका वाक्यात आहे, आणि त्यातूनच हेही निघतं की गळती मुळात कमी असेल तिथे केंद्रीकरणाचा उपयोगही कमीच.

आता सपाट संकलकाकडे पाहू. काच आणि काळा लेप यांतून पार होऊन सुमारे ७५ टक्के ऊन उष्णतेत बदलतं. पुढे संकलक हवेपेक्षा जितका गरम, तितकी गळती: दर अंशाला चौरस मीटरमागे चारेक वॅट, आणि तापमान चढेल तसा हा दरही वाढतो. ८०० वॅटचं ऊन आणि संकलक हवेपेक्षा ३० अंश गरम असेल तर ६०० वॅट आत येतात, १३३ जातात, ४६७ हाती लागतात. अंघोळीच्या पाण्यासाठी हे उत्तम. पण हवा ३० अंशांवर आणि संकलक १३० वर असेल, म्हणजे फरक १०० अंशांचा, तर ६०० पैकी ५५० वॅट गळून जातात. उरतात ५०.

इथे आरसा मोहात पाडतो. आरशाने दुपारी ३० टक्के जास्त ऊन पाडलं असं धरा. आत येणारे ७८० वॅट, गळती तीच ५५०, हाती २३०. पन्नासाचे दोनशे तीस झाले! प्रस्तावात हाच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि तो खोटाही नसतो. पण एक चौरस मीटर संकलकामागे जवळपास तेवढाच आरसा लागतो, तेव्हा बसवलेल्या एकूण पृष्ठभागाच्या मानाने ही कामगिरी फारच किरकोळ आहे. शिवाय हा आकडा फक्त दुपारचा. सकाळी आणि दुपार कलल्यावर आरशातून परतलेला उजेड कडेला सरकतो, अर्धा पट्टा संकलकावर आणि अर्धा भिंतीवर पडतो. ऋतू बदलला की कोन पुन्हा चुकतो. आणि जो आरसा एका ऋतूत पुढच्या ओळीला ऊन देतो, तोच दुसऱ्या ऋतूत मागच्या ओळीवर सावली टाकतो.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. दुपारी वीज गेली, पंप थांबला आणि संकलकात पाणी खेळायचं बंद झालं तर काय होतं? पूर्ण उन्हात, आरसे नसताना, असा संकलक दीडशे अंशांच्या पुढे जाऊन स्थिरावतो. त्याचं रबर, चिकटवण, मागचं उष्णतारोधक हे सगळं तेवढ्याच अंदाजाने निवडलेलं असतं. दीडपट ऊन पाडलं तर हाच हिशोब दोनशे अंशांवर पोचतो. रोधकातून वायू सुटून काचेवर आतून धुरकट थर बसतो, सील कडक होऊन भेगाळतात, आणि चोख चालणारी यंत्रणा एक-दोन उन्हाळ्यांत कायमची मंदावते. चालू सपाट संकलकांना आरसे लावू नयेत, हा या प्रकरणातला पहिला निर्णय. याबाबत मला तिळमात्र शंका नाही.

(वीज बनवणाऱ्या सौरपॅनेलवर आरसे लावायची कल्पनाही वरचेवर निघते. तिथे तर उलटंच होतं. सिलिकॉनचं पॅनेल तापलं की दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वीज कमी देतं, आणि उजेड असमान पडला तर एका ओळीतला सगळ्यात अंधारा सेल बाकीच्यांनाही मागे खेचतो. बहुतेक उत्पादकांची हमीही अशा प्रयोगानंतर उरत नाही.)

मग वाफेसाठी वेगळे केंद्रीकरण करणारे संकलक बसवायचे का? दोन गंभीर पर्याय उरतात.

पहिला, सूर्यामागे फिरणारी अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाची पन्हळ. पन्हळीच्या नाभिरेषेवर, म्हणजे परतलेले किरण जिथे एकवटतात त्या रेषेवर, एक नळी आणि तिच्यावर वीसेक पट ऊन. गळणारा पृष्ठभाग इतका लहान होतो की १३० अंश हे तिच्यासाठी सहजाचं काम आहे, आणि कारखान्यांच्या मोकळ्या आवारात मी हाच पर्याय सुचवेन. पण इथे आपण गच्चीवर आहोत. पन्हळ फक्त थेट किरण घेते. आकाशात विखुरलेला प्रकाश तिच्या नाभीवर येतच नाही, त्यामुळे ८०० पैकी १६० वॅट विखुरलेले असतील तर ते सरळ सोडून द्यावे लागतात, आणि धुरकट हवेच्या दिवशी सोडावा लागणारा वाटा आणखी मोठा. फिरताना ओळींची एकमेकींवर सावली पडू नये म्हणून मध्ये ऐसपैस जागा लागते. २४० चौरस मीटरमध्ये जेमतेम ८० चौरस मीटर आरसा मावतो.

वाऱ्याचा विचारही करायला हवा. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला जवळपास १०० किलो वजनाइतका दाब देतो. दहा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद पन्हळ आडवी सापडली तर तिच्यावर टनाहून अधिक रेटा येतो, आणि गच्चीच्या कडेला वारा उसळून वर येतो म्हणून उचलणारा जोरही असतो. हा सगळा भार स्लॅबमध्ये नाही, खालच्या तुळयांमध्ये आणि खांबांमध्ये उतरवावा लागतो. प्रत्येक पायासाठी वॉटरप्रूफिंग फोडायचं आणि पुन्हा जोडायचं. जुन्या इमारतीत हे काम मला नको वाटतं. गळकी गच्ची रुग्णांच्या डोक्यावर येते.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडतो. १९६० च्या दशकात कणभौतिकीत काम करणारे रोलंड विन्स्टन चेरेन्कोव्ह प्रारणाचा, म्हणजे अतिवेगवान कण पदार्थातून जाताना निघणारा, अंधुक उजेड मोठ्या तोंडातून गोळा करून लहान शोधकावर आणायच्या प्रयत्नात होते. त्यांना प्रतिमा नको होती, फक्त उजेड हवा होता. प्रतिमेची अट सोडली की भिंगाच्या शिस्तीतून सुटका होते. त्यातून जो आकार निघाला तो दोन अन्वस्तांच्या तुकड्यांचा: ठरावीक कोनात कुठूनही आलेला किरण तळाशी पोचवतो आणि त्या कोनाबाहेरचा किरण परत फेकतो. १९७४ मध्ये त्यांनी तो सौरसंकलकांसाठी मांडला. त्याला संयुक्त अन्वस्त संकेंद्रक म्हणतात. बोलताना सगळे सीपीसीच म्हणतात.

यातलं गणित फार सुंदर आहे. लांब पन्हळीच्या रूपात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ज्या कोनापर्यंत ऊन स्वीकारायचं, त्याच्या साइनचा व्यस्त हीच केंद्रीकरणाची कमाल मर्यादा. सूर्याच्या तबकडीचा अर्धकोन सुमारे ०.२७ अंश आहे. तेवढाच कोन स्वीकारायचा ठरवलं तर पन्हळीत दोनशेहून थोडं अधिक पट ऊन गोळा होऊ शकतं, पण मग सूर्याचा क्षणाक्षणाला पाठलाग करावा लागतो. दोन्ही बाजूंना ३० अंश स्वीकारायचे तर फक्त दुप्पट. ३५ अंश स्वीकारले तर १.७४ पट. म्हणजे रुंद स्वीकारकोन आणि मोठं केंद्रीकरण एकत्र मिळत नाहीत. कितीही चांगला आरसा घेतला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण ती उष्मागतिकीतूनच येते. जाहिरातीत 'न फिरता दहापट केंद्रीकरण, दिवसभर' असं काही दिसलं तर एवढ्या एका नियमावरून ते बाजूला ठेवता येतं.

१.७४ पट फार थोडं वाटेल. आपल्या गच्चीवर ते पुरतं का, ते पाहू. सीपीसीची पन्हळ पूर्व-पश्चिम ठेवायची आणि अक्षांशाइतकी, म्हणजे २० अंश, विषुववृत्ताकडे कलती करायची. वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंश सरकतो, म्हणजे मध्यान्ही तो नेहमीच ३५ च्या आत असतो. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, सूर्य पन्हळीच्या मध्यप्रतलातच फिरतो, त्यामुळे तो दिवसभर स्वीकारकोनात राहतो. अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवशी, सकाळ-संध्याकाळ कोन फाकतो; तरीही हिशोब मांडला तर मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ सात तास ऊन आत येतं. वर्षातल्या सगळ्यात प्रतिकूल दिवशी सात तास, आणि एकही मोटर नाही, एकही फिरता सांधा नाही. विखुरलेल्या प्रकाशाचाही १.७४ ने भागून येणारा हिस्सा, म्हणजे सुमारे ५७ टक्के, मिळतो.

तळाशी निर्वात नळी असते. काचेच्या दोन थरांमधली हवा काढून टाकल्यामुळे गळती आधीच खूप कमी झालेली असते. नुसत्या निर्वात नळ्या ओळीने मांडल्या तर प्रत्येकीची फक्त वरची बाजू उन्हात येते, मागची बाजू उष्णता गमावण्यापलीकडे काही करत नाही. सीपीसीचा आरसा तिला खालूनही ऊन देतो, त्यामुळे तेवढ्याच तोंडासाठी नळ्या कमी लागतात. चौरस मीटरमागे हिशोब असा: ८०० वॅटपैकी सुमारे ६५ टक्के, म्हणजे ५२० आत. आरशाचं शोषण, नळ्यांमधल्या फटी आणि न स्वीकारलेला विखुरलेला प्रकाश हे सगळं त्यात धरलं आहे. फरक १०० अंशांचा असताना गळती १३० च्या आसपास. हाती ३९०. सपाट संकलकाचे ५० आठवा.

धुळीच्या बाबतीतही सीपीसी उजवी ठरते, आणि ही गोष्ट कागदावरच्या तुलनेत सहसा येत नाही. आरशावर धूळ बसली की बरेचसे किरण शोषले जात नाहीत, ते फक्त किंचित वाट चुकतात. फिरत्या पन्हळीत एखाद-दोन अंश चुकलेला किरण नळीला मुकतो. सीपीसीला तो चालतो. मात्र पन्हळीच्या तळाशी पाणी आणि पाचोळा साठतो, म्हणून नळीखाली निचऱ्याची फट हवीच.

तर २४० चौरस मीटर सगळे सीपीसीने भरून टाकावेत? इथवर वाचून मन तिकडेच जातं. त्याआधी गच्चीवरून खाली उतरून धुलाईघरात जायला हवं.

बॉयलर वाफ देतो म्हणून तिथे सगळ्यासाठी वाफ वापरली जाते. पण कपडे धुवायला लागतं ७५ अंशांचं पाणी. निर्जंतुक धुलाईसाठी ६५ अंश दहा मिनिटं किंवा ७१ अंश तीन मिनिटं असे दंडक वापरले जातात. ७५ ला ते आरामात पाळता येतात. तरी वाफ टाकीत सोडून पाणी तापवलं जातं. स्वयंपाकघरातल्या दुहेरी भिंतीच्या पातेल्यांना खरोखरच १३० अंशांच्या आसपासची वाफ लागते. इस्त्रीचे रोलर याहून बरीच गरम वाफ मागतात आणि शस्त्रक्रियेची साधनं निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर चालतात. ही शेवटची दोन कामं मी सूर्यावर टाकणार नाही. ढग आला म्हणून निर्जंतुकीकरण अडता कामा नये.

उरलेल्या दोन कामांचे आकडे धरू. रोज ६००० लिटर पाणी ३० वरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे ३१४ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. रोज ४०० किलो वाफेला, एका किलोमागे ०.७२ युनिट प्रमाणे, २८८ युनिट. एकूण ६०२. म्हणजे या दोन कामांसाठी वाफेच्या नावाखाली जळणाऱ्या इंधनाचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या गरम पाण्यासाठी आहे, आणि त्याला केंद्रीकरणाची गरजच नाही.

अजून एक बाब. धुलाईचं सांडपाणी पन्नास अंशांच्या आसपास वाहून जातं. सांडपाण्याची उष्णता ताज्या पाण्याला देणारा उष्णता-विनिमयक लावून येणारं पाणी १५ अंश जरी वर आणलं, तरी ३१४ मधले १०५ युनिट सूर्याशिवायच वाचतात. उरतात २०९.

आता गच्ची वाटू. स्वच्छ दिवशी कलत्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे साडेपाच युनिट ऊन धरलं आणि सपाट संकलकाने ७५ अंशांसाठी त्यातलं निम्मं दिलं, तर २०९ युनिटना ७६ चौरस मीटर संकलक लागतात. ओळींमधली जागा धरून गच्चीचे सुमारे १२७ चौरस मीटर जातात. उरलेल्या ११३ मध्ये ओळींमधली जागा सोडून ५६ चौरस मीटर सीपीसी बसते. तिचं दिवसाचं उत्पन्न उन्हाच्या ४० टक्के धरलं तर १२३ युनिट, म्हणजे १७० किलोच्या आसपास वाफ, स्वयंपाकघराच्या गरजेच्या ४३ टक्के. सगळी बेरीज: २०९, १२३ आणि सांडपाण्याचे १०५, मिळून ४३७. सहाशे दोनपैकी.

सगळी गच्ची सीपीसीने भरून वाफच काढली असती तर मिळाले असते २६४. फिरत्या पन्हळींनी, त्यांच्या ८० चौरस मीटरवर, १८० च्या आसपास. ढगाळ दिवसांत हे सगळेच आकडे खाली येतील, पण फिरत्या पन्हळीचा सगळ्यात जास्त.

वेळही जुळते. दुपारच्या जेवणाची तयारी उन्हाच्या तासांतच होते, म्हणून सौरवाफ साठवायची गरज थोडी. धुलाईचं पाणी टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत राहतं. पहाटेच्या पातेल्यांसाठी बॉयलर आहेच. तो काढायचा नाही, फक्त त्याची धग कमी करायची.

सीपीसीची एक मोठी उणीव या आराखड्यात सांभाळावी लागते. फिरती पन्हळ संकटात सूर्याकडे पाठ करू शकते. सीपीसी करू शकत नाही. पंप थांबला आणि ऊन प्रखर असलं तर निर्वात नळ्या अडीचशे अंशांच्याही वर जातात. १३० अंशांवर पाणी द्रवरूपात ठेवायलाच २.७ बार निरपेक्ष दाब लागतो, म्हणून यंत्रणा चार-पाच बारवर चालवायची आणि सुरक्षा झडप, वाफेला फुगायला जागा देणारं प्रसरणपात्र आणि पंपाला बॅटरीचा आधार यांतलं काहीही काटकसरीच्या यादीत टाकायचं नाही. तापलेलं तेल खेळवून दाब टाळता येतो, पण रुग्णालयाच्या माथ्यावर शंभरेक लिटर गरम तेल ठेवायला मी संमती देणार नाही. झडपेचं तोंड कुठे उघडतं ते स्वतः पाहावं. ते चालायच्या वाटेकडे असेल तर वळवून घ्यावं.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २०१३ मध्ये लंडनमधल्या एका उंच इमारतीच्या अंतर्वक्र काचेने खाली उभ्या मोटारीचे भाग वितळवले होते. सीपीसीची पन्हळ खोल असल्यामुळे बाहेर फेकलेला उजेड विखरून जातो, तरी स्वीकारकोनाबाहेरचं सकाळ-संध्याकाळचं ऊन परत फिरतंच. ते समोरच्या खिडक्यांत जातं का, हे आराखड्यावर आधीच तपासता येतं आणि कठडा थोडा उंच करून अडवताही येतं. बसवताना नळ्या आणि आरसे झाकून ठेवायचे, पाणी खेळायला लागल्यावरच उघडायचे. तापलेल्या कोरड्या नळीत थंड पाणी सोडलं तर ती तडकते.

व्यवस्थापनाला द्यायच्या कामाचा क्रम असा: आधी सांडपाण्याचा विनिमयक, मग धुलाईचे सपाट संकलक, आणि वर्षभर धुलाईघराच्या पाण्याची व स्वयंपाकघराच्या वाफेची वेगवेगळी मोजणी झाल्यावर सीपीसी. मोजणीसाठी प्रवाहमापक आणि येण्या-जाण्याच्या नळांवर दोन तापमापक पुरतात. वाफेचा खरा खप ४०० किलोंऐवजी २५० निघाला तर ५६ चौरस मीटरची सीपीसी तेवढीच ठेवायची. सुट्टीच्या दिवशी उष्णता घेणारं कुणी नसेल तर तिची उतारवाटही तेव्हाच आखायची: दाबाखालचं पाणी अंघोळीच्या टाकीतल्या गुंडाळीतून फिरवायचं.